फियाट ११०० चं इंजिन: उघडण्याआधी मोजा

माझ्या मामांची १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट नाशिकरोडच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आठ वर्षं उभी होती. मामा गेल्यावर वर्षभराने मामींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "तुझ्याच्याने होत असेल तर चालू कर, नाहीतर भंगारात तरी नको घालूस." मी गाडी टोचन करून एका गॅरेजला नेली. तिथे बॉनेट उघडलं, दोनदा सेल्फ मारला आणि निकाल दिला: इंजिन बसलंय, बांधावं लागेल. संध्याकाळपर्यंत हेड (इंजिनाचं वरचं झाकण) खाली. सात महिन्यांनी मी गाडी टेम्पोत घालून परत आणली, आणि सोबत सुट्या पार्टची दोन पोती. ब्लॉकचं बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठे करणं) करून ठेवलं होतं, त्या मापाचे पिस्टन मात्र कुठेच मिळत नव्हते.

पोत्यात जुनं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधली सीलची पत्री) सापडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली पट्टी जळून काळी झालेली. जुने पिस्टन, रिंगा मी कारखान्यात मायक्रोमीटरखाली घेतल्या, झीज अगदी मामुली. म्हणजे गेलं होतं ते एक गॅस्केट. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं) लावलं असतं तर पंधरा मिनिटांत कळलं असतं. मी सातपूरला टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, मोजल्याशिवाय कापायचं नाही हे पोरांना शिकवलं, आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी गप्प उभा राहिलो. ते अजून सलतं. तुमच्याकडे अशी गाडी नव्याने आली असेल तर तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

लेख फियाट ११०० आणि पद्मिनी धरून लिहिला आहे. अ‍ॅम्बेसिडर, हेराल्ड किंवा जुनी जीप असली तरी क्रम हाच, फक्त मापं त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

इंजिनाची तोंडओळख एवढीच: १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, चेनवर फिरणारा, आणि पुशरॉडने वरचे व्हॉल्व्ह उघडणारा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून ही गाडी ११०० डिलाइट म्हणून काढली, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे तिचे पार्ट आणि तिचे मिस्त्री दोन्ही मुबलक होते. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तेव्हा हातातला प्रत्येक जुना पार्ट जपून ठेवा, मोडका असला तरी. नमुना म्हणून लागतो.

१. आधी कागद, मग पाना

आरसी बुक उघडा आणि इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून बघा. नंबरावर ग्रीसचा थर असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलने नंबराचा ठसा घ्या. चेसिस नंबराचाही घ्या. मी दोन्ही ठसे आरसीच्या झेरॉक्सला जोडून ठेवले आहेत.

नंबर जुळत नसेल तर इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओचं काम उरका. इंजिन बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा फेरबदल आहे, त्याची नोंद आरसीवर लागते. आपलं नाशिकचं आरटीओ पंचवटीत पेठ रोडला. तिथे लागणारे कागद:

- मूळ आरसी (मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतर)
- चालू विमा
- पीयूसी
- इंजिन आणि चेसिस नंबराचे ठसे
- १५ वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५
- पर्यावरण कराची पावती

नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं. शुल्क अलीकडे वाढलं आहे, म्हणून निघण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर ताजा आकडा बघून जा.

गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली असतील तर दुसरी वाट आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची 'विंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज भाजी आणायला गाडी काढायची असेल तर या वाटेला जाऊ नका.

एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: "यात डिझेल इंजिन टाका, कटकट मिटेल." एका काळी टॅक्सीवाल्यांनी ते केलं, त्यांचं पोट त्यावर होतं. तुम्ही करू नका. विंटेज नोंदणीची अट तिथेच मोडते, आणि मूळ ब्लॉक एकदा भंगारात गेला की परत येत नाही.

२. हत्यारं

घरी एवढं असू द्या:

- रिंग आणि फिक्स पाने (मिलिमीटरचे), बॉक्स पाना संच, प्लग पाना
- टॉर्क पाना
- फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या)
- कॉम्प्रेशन गेज, चुडीचं. नुसतं दाबून धरायचं घेऊ नका, हात हलला की आकडा बदलतो
- १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि साधा मल्टीमीटर
- टायमिंग लाइट (उसना चालेल)
- मुलांच्या डब्यांसारखे झाकणाचे डबे, चिकटपट्टी, मार्कर पेन
- एक वही

वहीला कमी लेखू नका. पहिल्या पानावर गाडीचे आकडे आणि पुढे तारखेनुसार प्रत्येक काम. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग, त्यांची फट), पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला करंट तोडणारा स्विच), हेडचा टॉर्क (नट आवळण्याचा जोर) यांची मापं तुमच्या गाडीच्या सालच्या मॅन्युअलमधूनच उतरवा. ऐकीव माप लिहू नका. गॅरेजमध्ये "ब्लेडच्या पात्याएवढी गॅप ठेव" असं सांगणारे भेटतात. पात्यांच्या जाड्या सारख्या नसतात.

३. उभी गाडी जागी करणं

बरीच वर्षं उभी असलेल्या गाडीला बॅटरी लावून लगेच सेल्फ मारू नका. सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, रिंगा गंजाने धरलेल्या असतात. एका झटक्यात रिंग तुटते आणि नसलेलं काम निघतं.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं मिसळून एक-एक चमचा सोडा. प्लगच्या भोकांवर फडकं टाका आणि दोन-तीन दिवस विसरा. मग गाडी टॉप गिअरमध्ये घालून हाताने हळूच मागे-पुढे ढकला. इंजिन फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर पुन्हा मिश्रण, पुन्हा दोन दिवस. जोर लावायचा नाही. माझ्या ओळखीच्या एका गाडीला बारा दिवस लागले.

दरम्यान चेंबरमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं) जुनं तेल काढून २०डब्ल्यू-५० चं मिनरल तेल भरा. नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक या इंजिनाला नको. यातले टॅपेट कॅमवर सरळ घासतात, तेलात झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं बरं. एअर क्लीनर उघडून बघा, माझ्यात उंदराचं अख्खं घर होतं. मग प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून सेल्फ मारा, दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती. तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत. दिवा विझला की प्लग बसवा, त्याआधी नाही.

गाडी सुरू होण्याच्या आनंदात ब्रेक विसरू नका. इतकी वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर धरलेले असतात. ब्रेक तपासल्याशिवाय गेटबाहेर काढू नका.

४. करंट

इंजिन 'गेलं' म्हणून आलेल्या गाड्यांत निम्म्याहून जास्त वेळा दोष करंटमध्ये किंवा पेट्रोलमध्ये असतो. हे मला नाशिकच्या द्वारकेजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी सांगितलं, आणि त्यांनीच माझी गाडी पुढे उभी केली. त्यांचं एक वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलंय: "हेड काढायला अर्धा तास, बसवायला आठ दिवस."

डेल्कोचं झाकण काढा (डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडे सगळे डेल्कोच म्हणतात). आतून बारीक काळी रेघ दिसते का बघा. ती भेग असते, पावसाळ्यात ओल धरली की करंट त्या रेघेतून पळतो आणि गाडी इगतपुरीच्या धुक्यात मिसिंग मारायला लागते. झाकण बदला, त्यावर फेविक्विक चालत नाही.

पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून पूर्ण उघडलेल्या जागी फीलर गेजने मोजा. गॅप साधारण ०.४० ते ०.४५ मिमीच्या घरात असते, नेमकी मॅन्युअलमध्ये बघा. गॅप बदलली की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, म्हणून पॉइंट आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटा केला तर दिवसभर एकच काम करत बसाल.

टायमिंग बंद गाडीवरही लावता येतं. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला आणून पुलीची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी आणा. टेस्ट लॅम्पचं एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरं बॉडीला. इग्निशन चालू करून डेल्को हळूच फिरवा. ज्या क्षणी दिवा लागतो त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच नट आवळा.

कंडेन्सरबद्दल (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा पार्ट) एक अनुभव. पॉइंटवर निळी-पांढरी ठिणगी उडत असेल, गाडी गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल, तर कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्या. पण नवीन आणलेला कंडेन्सर चांगलाच असेल असं धरू नका. मी एका महिन्यात तीन नवे घालवले. चौथा मामांच्या डब्यातला, जुना, तो अजून चालतो आहे. चालणारा जुना पार्ट काढलात तर फेकू नका, डिकीत ठेवा.

प्लग काढून रंग बघायची सवय लावा. फिकट विटकरी, तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून तेल येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. चार प्लग काढताना क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा, नाहीतर कोणता कुठला हे कळणार नाही आणि निम्मी माहिती वाया जाईल.

५. पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. वार्निशसारखा वास आला तर टाकी उतरवून धुवा. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदला, बरे दिसत असले तरी. पंपावर आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आणि या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ होतं, त्याचे कण जेटमध्ये (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) अडकतात. इथेनॉलला चालणारे पाइप मागून घ्या आणि एसी पंपाचा (इंजिनावर बसलेल्या पेट्रोल पंपाचा) पडदाही त्याच प्रतीचा बघा. पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तेलाची पातळी आपोआप वाढत असेल, तर गाडी तिथल्या तिथे बंद करा.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. आणि या पेट्रोलवर जुन्या जेटची गाडी थोडी उपाशी चालते. प्लग पांढरे दिसायला लागले तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा.

सोलेक्स कार्बोरेटर उघडताना खाली पांढरं कापड अंथरा. जेट हवेने फुंकून साफ करायचे, तारेने नाही. पितळ मऊ असतं, तार घातली की भोक मोठं होतं आणि मग गाडी पीयूसीला अडते. २००० पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. नीट लावलेली फियाट त्यात आरामात बसते.

कसारा घाटात दुपारी गाडी बंद पडणं हा या गाड्यांचा जुना रोग. पंप इंजिनाला चिकटून असतो, तापतो, पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबलं की गाडी निघते, हे जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे. पण दर खेपेला असं होत असेल तर पंपाखालचा बॅकेलाइटचा स्पेसर आहे का बघा (काढून टाकलेला सापडतो), पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब न्या आणि टायमिंग मागे पडलं नाही ना ते तपासा.

६. टॅपेट

गार इंजिनावर, मॅन्युअलच्या मापाने. सोपी रीत: १ आणि ४ जोडीदार, २ आणि ३ जोडीदार. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) त्या क्षणी पहिल्याचे टॅपेट लावायचे. मग पहिल्याचे हलतील तेव्हा चौथ्याचे. तसंच २ आणि ३.

टॅपेट वाजत असलेले बरे, गप्प झालेले वाईट. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. एक्झॉस्टची गॅप दर काही महिन्यांनी आपोआप कमी होत असेल तर ते नोंदवा. व्हॉल्व्ह सीट खचत असल्याची ती खूण असते. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. ते शिसं जुन्या सीटवर आपोआप थर धरायचं. आता हेड कधी उतरलंच तर कडक सीट बसवून घ्या.

७. कॉम्प्रेशन: निकाल इथे लागतो

टॅपेट लावल्यावरच ही चाचणी करा. घट्ट टॅपेटवर घेतलेला आकडा खोटा असतो.

इंजिन गरम करा. चारही प्लग काढा, एकच काढून चालत नाही. कॉइलची वायर काढा. कुणाला तरी आत बसवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगा, कारण थ्रॉटल बंद असेल तर हवा आत जात नाही. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. गेज लावून चार-पाच दम होईपर्यंत सेल्फ मारा, आकडा वहीत. चारही सिलिंडरना दम सारखेच मोजून द्या.

आकडा किती आला यापेक्षा चार आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही. आता समजा वाचन असं आलं: १२८, ६५, ६०, १२५ पीएसआय. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेत, मधलं गॅस्केट फुटलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

एकच सिलिंडर पडला असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर. नाही चढला तर व्हॉल्व्ह.

याहूनही खात्री हवी असेल तर तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा आणि प्लगच्या भोकातून काँप्रेसरची हवा सोडा. हवेच्या दाबाने पिस्टन ढकलला जाऊन इंजिन फिरू शकतं, म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये, चाकांना दगड, आणि फॅनजवळ हात नाही. आता कान लावा. कार्बोरेटरमधून सूं आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. तेल ओतायच्या तोंडातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. पंक्चरवाल्याकडच्या काँप्रेसरवरही हे होतं. ज्या गॅरेजमध्ये हे न करता "इंजिन बसलंय" म्हणतात तिथून गाडी परत आणा, टोचनचे पैसे गेले तरी.

८. पाणी

माझं गॅस्केट जळलं त्याचं मूळ रेडिएटरमध्ये होतं. नुसतं गॅस्केट बदललं असतं तर ते पुन्हा जळलं असतं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे, त्याचा पांढरा थर ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यांत साचतो. रेडिएटर आणि ब्लॉक वेगवेगळे, उलट्या दिशेने धुवा, ब्लॉकचा खालचा कॉक उघडून. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच. अ‍ॅल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकवर बसलेलं असताना साध्या पाण्याने आतून खाल्लं जातं.

थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो, "आपल्याकडे काय गरज" म्हणून. गरज आहे. डिसेंबरात निफाडकडे पारा किती उतरतो ते दरवर्षी पेपरात येतं, आणि नाशिकमध्येही सकाळी इंजिन अर्धा-अर्धा तास थंडच चालतं. थंड इंजिनात पेट्रोल भिंतीवरचं तेल धुतं आणि ऑइल कॅपखाली दह्यासारखा पांढरा चिकटा धरतो. थर्मोस्टॅट पातेल्यात दोरीने टांगून पाणी तापवा, स्वयंपाकाचा थर्मामीटर सोडा, आणि त्याच्यावर छापलेल्या तापमानाला उघडतो का बघा.

९. उघडायचंच ठरलं तर

हेड पूर्ण गार झाल्याशिवाय एकही नट सोडू नका. गरम अ‍ॅल्युमिनियम वाकतं. सोडताना बाहेरून आत, आवळताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. पुशरॉड आणि व्हॉल्व्ह ज्या घरातले त्याच घरात परत जायला हवेत. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून नंबर घाला. हेडवर स्टीलची पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खाली फीलर गेज सरकतो का बघा. प्लेनिंग लागलं तर कमीत कमी, आणि ते सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये करा. या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत, मायको सर्कलपासून अंबडपर्यंत माप जाणणारी माणसं पावलोपावली आहेत.

बोअरचं माप डायल बोअर गेजने घ्या: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने एक, आडवं एक. चार सिलिंडरचे चोवीस आकडे. माझ्या अनुभवात तफावत ०.१० मिमीच्या आत असेल तर होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) आणि नव्या रिंगांवर भागतं.

आणि आता ज्यात मी फसलो ते. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करू नका. "२० साइजवर घेऊ, पिस्टन मिळतील" (म्हणजे बोअर मूळ मापाहून मोठा करू) हे वाक्य ऐकलं की ब्लॉक उचला. आधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टवाल्यांकडे, जुन्या गाड्यांच्या मालकांकडे शोधून चारही पिस्टन आणा. ते मोजा. मग ते चार पिस्टन वर्कशॉपमध्ये द्या आणि प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला धरून करायला सांगा. क्रँकचंही तसंच, शेल बेअरिंग कोणत्या अंडरसाइजचे मिळाले ते बघून मगच ग्राइंडिंग. माझ्या ब्लॉकला शेवटी चारही स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायच्या नळ्या) घालून मूळ मापावर आणावं लागलं. जे काम टळलं असतं त्याचा खर्च तर गेलाच, पण मूळ बोअर गेला याचं वाईट जास्त वाटतं.

बोअरिंगनंतर ब्लॉक नुसता रॉकेलने पुसून बसवतात. होनिंगची बारीक वाळू रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घ्या, पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत घासा. लगेच वाळवून तेल चोळा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. तेलाचे मार्ग त्यांची बुचं काढून आरपार साफ करा.

नव्या रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची गॅप मोजा. या बोअरला साधारण ०.२० ते ०.३० मिमी. व्हॉल्व्ह घासून झाले की पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाच मिनिटं थांबा. खाली थेंब आला तर परत घासा.

१०. पहिले ५०० किलोमीटर

पहिल्या सुरुवातीला फार वेळ आयडलवर ठेवू नका, विशेषतः कॅम-टॅपेट नवे असतील तर. वीस मिनिटं मध्यम वेगावर, नजर तेलाच्या दिव्यावर आणि पाण्याच्या काट्यावर. मग गार होऊ द्या.

पुढे मी रोज सकाळी सहाला त्र्यंबक रस्त्याला जायचो. जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आसपास, चढ फार नाहीत, वाटेत थांबायला जागा आहे. वेग एकसारखा ठेवू नका, कधी वाढवा, कधी सोडा. रिंगा त्यानेच बसतात. ५०० किलोमीटर होईपर्यंत कसारा नाही, वणीचा गड नाही, चार माणसं आणि सामान नाही.

५०० ला गार इंजिनावर हेडचे नट मॅन्युअलच्या रीतीने पुन्हा टॉर्कला घ्या, त्यानंतर टॅपेट परत मोजा, कारण हेड बसलं की ती गॅप बदलते. तेल गरम असताना काढा आणि जुन्या स्टीलच्या ताटलीत धरून उन्हात बघा. बारीक करडी चमक पहिल्या वेळी येतेच. पण तांबूस-पिवळे कण दिसले तर बेअरिंग बोलतंय, चेंबर उतरवून बघा. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या, नासर्डीत किंवा गोदेत जाणाऱ्या गटारात ओतू नका.

मग पुन्हा एकदा कॉम्प्रेशन मोजा आणि चारही आकडे तारखेसह वहीत लिहा. पुढचं तेल ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. माझ्या वहीतले सध्याचे आकडे १३२, १३०, १३२, १२९ आहेत.